फुशारजीचा तिसरा कान

मंगळवार, ४

ही वही कानवाल्या ताईंनी देऊन बरेच दिवस झाले. "रोज काय काय ऐकू आलं ते लिही," म्हणाल्या. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही, बहिरी होते तेव्हा वर्षभर तेवढंच केलं. मग वही ट्रंकेत गेली, ट्रंकेवर गादी आली, गादीवर कुठलंसं मांजर आलं, आणि झोपलेलं मांजर उठवायचं पाप कोण घेणार? आज ताईंनी विचारलं, "लिहितेस ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय, वही भरत आली." त्यांनी नुसतं पाहिलं. त्या बाई दिवसभर लोकांचे कान तपासतात, पण खरी धार त्यांच्या नजरेला आहे. घरी आल्या आल्या मांजर उठवलं. त्याने मला बोचकारलं. ते ऐकू आलं नाही, पण कळलं.

ताई म्हणतात, मी वाचणार नाही, पण सुरुवातीपासून लिही. बरं.

मी नानांच्या बाहुल्यांच्या मंडळीत आहे. मंडळी म्हणजे नाना, त्यांची बायको म्हणजे आमची वहिनी, ढोल वाजवणारा ढोल्या, आणि मी. बाहुल्या मात्र पोती भरून. खाली फर्निचरचा कारखाना, त्याच्यावरचा मजला आमचा. याच्या आधी मी फुलांच्या दुकानात होते, सर्कशीच्या तिकीट खिडकीत होते, फेरीबोटीच्या स्वयंपाकघरात होते. कुठेही बूड टेकलं की मला मुंग्या येतात. इथे राहिले ती फुशारजीमुळे.

सेनापती फुशारजी म्हणजे आमच्या खेळाचा जीव. पोट मोठं, मिशा मोठ्या, तोंड त्याहून मोठं. एकही लढाई न लढता सगळ्या जिंकलेला. त्याला नाचवायची मी आणि बोलायचीही मीच. गेल्या वर्षी ताप मेंदूपर्यंत चढला आणि उतरताना कान घेऊन गेला. उजवा पूर्ण, डावा निम्म्याहून जास्त. फुशारजीचा आवाज नानांकडे गेला. नानांच्या तोंडी तो सेनापती वाटतच नाही, पेन्शन अडकलेला कारकून वाटतो. शिवाय त्याच्याशी भांडणारी तिखटमामी ही बाहुलीही नानांचीच, त्यामुळे आता नाना तासभर स्वतःशीच भांडतात.

बोलायला माझं तोंड धड आहे. अडचण ऐकण्याची. आमच्या खेळात पाठांतर नसतं. मामी सुचेल तो टोमणा मारते, फुशारजीने तिथल्या तिथे उत्तर फेकायचं. तेही काळ्या कापडामागे अंधारात, हात डोक्यावर धरून. टोमणाच कानात शिरला नाही तर उत्तर काय डोंबल देणार?

आता उजवीकडे ऑपरेशन करून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आवाज थेट नसेला पोचवणारं यंत्र, बसवलंय, डाव्या कानात साधं श्रवणयंत्र. आणि महिनाअखेरीला शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात आमचा खेळ लागलाय. नाना म्हणाले, "तोवर जमलं तर फुशारजी तुझा. नाही जमलं तर तू पडदा ओढायचा आणि तो माझा, कायमचा. एका बाहुलीला दोन आवाज लोक चालवून घेत नाहीत."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, पडदा ओढायला मी थांबते होय! सामान ते किती, एक ट्रंक. मांजर तर माझं नाहीच.

शुक्रवार, ७

दोन दिवस कंटाळा केला. इम्प्लांटचं मशीन पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवसाचं आज लिहिते.

ताईंनी कानामागे मशीन अडकवलं. त्याला एक वायर, वायरीच्या टोकाला रुपयाएवढी चकती. माझ्या डोक्याच्या कातडीखाली एक लोहचुंबक बसवलंय, चकतीत दुसरं. केसांतून चकती जवळ नेली की दोघं एकमेकांना ओढून घेतात. टक्. मग ताईंनी कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि पत्र्याच्या डब्यात कोंडलेली बदकं बोलायला लागली. ताई बदक, नाना बदक. वहिनी रडत होती, तीही बदकासारखीच. मला हसू आवरेना. माझं हसूही बदकाचं. मग तर आणखीच.

वहिनीला वाटलं मी आनंदाने हसतेय. ती आणखी रडली. मी तिला कधी खरं सांगितलं नाही. तशी आनंदातही होतेच.

आता बदकं बरीच कमी झालीत. ढोल्याचा आवाज ढोल्याच्या अंगावर बसायला लागलाय. पण काय काय आवाज असतात जगात! बिस्किटाचा पुडा फोडला तर भिंत पडल्यासारखं वाटतं. माझे बूट चालताना किरकिरतात, आणि म्हणे पहिल्यापासून किरकिरतात, कोणी बोललं नाही. संडासात तर मी दचकून उभीच राहिले. माणूस एवढा आवाज करतो आणि बाहेर येऊन लोकांशी सभ्यपणे बोलतो!

एक सुख मात्र माझ्याकडेच. वहिनी आणि ढोल्या भांडायला लागले की चकती काढून खिशात टाकायची. दोन माणसं हात हलवताहेत, तोंडं उघडताहेत, आणि इकडे शांतता. ढोल्या म्हणाला, "हे बरंय तुझं! आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, "तुम्ही भांडू नका."

रविवार, ९

मोठीच बातमी. नानांनी मिशा काढल्या!

लग्नाच्या आधीपासूनच्या मिशा. त्या मिशांवर बेतून तर फुशारजीच्या केल्या होत्या. वहिनीने म्हणे त्यांचा वरचा ओठ आज पहिल्यांदा पाहिला. मी विचारलं, "कसा आहे?" म्हणाली, "बरा आहे. इतकी वर्षं झाकून ठेवण्यासारखा नव्हता."

नानांना विचारलं का काढल्या, तर म्हणे, "चहात बुडायच्या." इतकी वर्षं काय पोहत होत्या? म्हातारपणी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. आणि नटायची हौस बघा: कापडामागे स्वतःच्या हनुवटीपाशी एक छोटा दिवा लावून घेतलाय. प्रेक्षकांना तो दिसत नाही, मग कोणासाठी ही सजावट? मला मात्र सगळा वेळ समोर तो गुळगुळीत उजळलेला ओठ. हसू येतं आणि टोमणा चुकतो.

आज एकदाच चुकला तसा.

बुधवार, १२

ढोल्याने जाड टाचांचे बूट आणलेत. मामीचं बोलणं संपलं की हा फळीवर टाच आपटतो. तीच फळी माझ्या पायाखाली. धक्का गुडघ्यापर्यंत येतो.

"काय रे, नाल ठोकून आलास काय?"

"थंडी वाजते."

"थंडी वाजल्यावर माणूस दर वाक्याला एकदाच टाच आपटतो?"

"माझी थंडी शिस्तीची आहे," म्हणाला, आणि तोंड फिरवून ढोल ताणायला लागला.

याला मी नको आहे का मंडळीत? तालमीत मुद्दाम लक्ष विचलित करतोय का? तसा वाईट नाही तो. पण जाड माणसाच्या मनात काय चालतं ते बाहेर लवकर येत नाही.

वहिनीचंही काहीतरी बिनसलंय. मी बोलायला लागले की शिलाई मशीन थांबवते आणि माझ्या समोर येऊन उभी राहते. पूर्वी पाठमोरीच बोलायची, तेही दोऱ्याचं टोक दातात धरून. आता अगदी समोर, जशी काय मी तिच्या कात्र्या चोरते.

शनिवार, १५

नानांनी पेपर लावलाय. मी इथे आल्यापासून त्यांना पेपर वाचताना पाहिलं नव्हतं. त्यात बाहुल्या गुंडाळायच्या एवढंच. आता रोज चहाला बसले की पेपर तोंडासमोर उभा धरतात आणि मोठ्याने वाचतात. सगळं. बातम्या, भाव, हरवले-सापडले. चेहरा दिसत नाही, नुसता कागद बोलतो.

पहिले दोन दिवस मी कान दिला नाही. आज मात्र कोणा बाईने हरवलेल्या पोपटासाठी जाहिरात दिली होती, की पोपट तापट आहे, बोट पुढे करू नये. मी म्हटलं, "मग हरवला कशाला म्हणते, सुटला म्हणावं!" नानांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं, परत वर धरला. कागद थोडा हलत होता. वयाने हात थरथरतात त्यांचे.

तो पोपट मनातून जाईना. दुपारभर बाल्कनीत उभी राहून झाडं बघत होते. तालमीला उशीर झाला.

मंगळवार, १८

आज वाईट झालं.

नानांनी कारखान्यातल्या सुतारांना प्रेक्षक म्हणून वर बोलावलं. सगळे एकदम बोलतात, खोकतात, बाकं सरकवतात. खालची करवत चालूच. चकतीतून सगळंच सारख्या जोराने आत आलं, जसं कोणी कपाट उलटं करून ओतलं. त्यातून नानांचा आवाज वेगळा काढता येईना. मामी अर्ध्यात असताना मीच बोलले. मग गप्प राहिले तर केवढी तरी गप्प राहिले. मग घाबरून इतकी ओरडले की पुढच्या सुताराने कानावर हात ठेवला.

नाना नुसती बाकं आवरत राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जिन्यात बसले होते तर फोनवर मेसेज. फेरीबोटीच्या आचाऱ्याचा. जागा रिकामी आहे, एक तारखेला बोट सुटते, येतेस का? तिथे इंजिनाच्या आवाजात सगळेच बहिरे, माझं कोणाला कळणारही नाही. कांदे कापायचे आणि बंदरं बघायची.

फुशारजी खुंटीला उलटा टांगलेला होता. सरळ केला. उगाच.

शुक्रवार, २१

ताईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी मशीनची वायर कॉम्प्युटरला जोडली, गर्दीसाठी वेगळी जुळवणी करून दिली, आणि म्हणाल्या, "कान मी जुळवून देते. पण गर्दीतून एक आवाज वेचायचं काम तुझ्या डोक्याचं. ते नवं शिकतंय, त्याला रागावू नकोस."

मग मला काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तोंड झाकून वाक्यं म्हटली, मी परत म्हणून दाखवली. मागच्या खेपेला निम्मीही आली नव्हती. आज ताईंनी भुवया वर केल्या.

"घरी सराव कोण घेतं तुझा?"

"कोणी नाही. आमच्याकडे कोणाला वेळ आहे! नाना नुसता पेपर वाचत बसतात."

ताई हसायला लागल्या. बराच वेळ हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. निघताना पुन्हा तेच बजावलं: चकती ओली करू नकोस, मशीन लोहचुंबकापासून लांब ठेव. मी मान डोलावली.

आचाऱ्याला उत्तर दिलेलं नाही. खेळ होऊ दे, मग बघू.

सोमवार, २४

आज मी डोकं चालवलं! आमच्या बाहुल्यांच्या तळव्यात लोहचुंबक असतं, त्यामुळे त्या तलवार, झेंडा, लाटणं असं काहीही धरतात. फुशारजीचं जुनं झालं होतं, तलवार सारखी गळायची. मी खाली सुतारांकडून चांगलं जाडजूड लोहचुंबक आणलं आणि तळव्यात शिवून टाकलं. आता तलवार ओढून काढावी लागते. वहिनी म्हणाली, "जरा जास्तच नाही का जोर?" मी म्हटलं, सेनापती आहे, जोर असायलाच हवा.

आजच्या तालमीत सगळे टोमणे कळले. एक सोडून. कळलेल्यांपैकी एक असा, मामी म्हणाली, "तुमची तलवार म्यानात आहे की म्यानच तलवार आहे?" त्यावर मी जे उत्तर दिलं ते वहीत लिहिण्यासारखं नाही. नाना हसून खाली बसले.

शनिवार, २९

काल खेळ झाला. परतायला उशीर झाला, म्हणून आज लिहिते.

नाट्यगृह गच्च भरलं होतं. कापडामागे आमच्या तिघांच्या जागा रोजच्याच: मध्ये मी, उजवीकडे नाना दिव्यापाशी, मागे ढोल्या. सुरुवात झक्क झाली. मामी टोमणा मारी, मी परतवी. लोकांचं हसू समुद्रासारखं आत येत होतं आणि त्याच्यातून नानांचा आवाज मला दिसत होता. ऐकू येत होता म्हणायचं होतं, पण दिसत होता असंच वाटलं.

मग तलवार टाकून झेंडा घ्यायचा प्रसंग आला. फुशारजीला खाली घेतलं, डोक्याजवळून वळवलं, झेंड्याकडे हात नेला.

टक्.

आणि जग बंद झालं. डाव्या कानात नुसती घुमघुम.

मला वाटलं, बॅटरी. बॅटरी बदलायला वेळ कुठला, फुशारजी तर वर गेलाच होता. फळ्या हादरायला लागल्या, म्हणजे लोक पाय आपटून हसत होते. कशाला? मी तर काही बोललेच नव्हते. नानांकडे पाहिलं. त्यांचा तो ओठ लोंबकळत होता. त्यांनी बोटाने वर दाखवलं, मग माझं डोकं दाखवलं. मी केसांत हात घातला. चकती नाही. कानामागे मशीन नाही.

वर पाहिलं. सेनापती फुशारजी माझी चकती तळव्यात घट्ट धरून सगळ्या नाट्यगृहाला दाखवत होते. वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला माझं मशीन झोके खात होतं.

त्या क्षणी वाटलं, पळावं. मागचं दार कुठे आहे ते मला माहीत होतं, मी जाईन तिथे आधी तेच बघून ठेवते. फुशारजीला खाली घ्यायचं, मशीन काढायचं, नानांना म्हणायचं, घ्या, सांभाळा. पण हात खाली येईना. फुशारजी काही माघार घेणारा नाही. त्याने छाती काढली आणि माझ्या तोंडून ओरडला:

"बघता काय! शत्रूचा कान उपटून आणलाय!"

फळीची थरथर गुडघ्यापर्यंत आली.

आता मामी उत्तर देणार. मला ऐकू येणार नव्हतं. मी नानांच्या तोंडाकडे डोळे लावले. दिव्याच्या उजेडात ओठ अगदी लख्ख. ते सावकाश म्हणाले, "दुसऱ्याचा कान घेऊन मिरवताय, स्वतःचे दोन काय उंदरांनी कुरतडले?" शब्द न् शब्द वाचता आला. तेवढ्यात पायाखाली ढोल्याची टाच: ठक्.

"माझे दोन? ते बायकोचं ऐकून ऐकून झिजले!"

पुन्हा फळी थरथरली. नानांचे ओठ, ढोल्याची टाच, माझं उत्तर. ओठ, टाच, उत्तर. किती वेळ चाललं माहीत नाही. मग फुशारजीने तो कान आपल्या पत्र्याच्या शिरस्त्राणाला लावला. तो चिकटला.

"अहाहा! आता मला सगळं ऐकू येतं! मागे कोणीतरी बिस्किटाचा पुडा फोडतंय. अहो, जरा दमानं, भिंत पडतेय इकडे!"

वहिनी पडद्याच्या फटीतून बघत होती. नंतर सांगत होती, की चौथ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खरोखरच पुडा गपकन मांडीखाली घातला.

पडदा पडल्यावर नानांनी फुशारजीच्या शिरस्त्राणावरून चकती काढली, सदऱ्याला पुसली, आणि माझ्या केसांत चाचपडत बसवली. चुकीच्या जागी आधी. मग बरोबर. टक्. एकदम सगळा टाळ्यांचा आवाज आत आला. मी घाबरले आणि नानांचा दंड धरला.

"अजून वाजवताहेत?" मी विचारलं.

"केव्हाचे," नाना म्हणाले.

ढोल्या म्हणाला, "ताई काय म्हणाल्या होत्या गं लोहचुंबकाबद्दल?"

मी चकती काढून खिशात टाकली.

रविवार, ३०

सकाळी चहाला नाना पेपर न उघडताच म्हणाले, "फुशारजी तुझा." एवढंच. मी "बरं" म्हटलं. एवढंच. वहिनीला हा प्रसंग पुरेसा वाटला नाही, म्हणून ती आमच्या दोघांच्या वतीने रडली. आता तिचं रडणं अगदी तिच्यासारखं ऐकू येतं. जरा नाकातलं आहे, पण गोड आहे.

मग भांडण झालं. नाना म्हणाले तो कान खेळात कायम राहिला पाहिजे, मी म्हटलं माझा देणार नाही. शेवटी वहिनीने जाड कापडाचा एक मोठा लाल कान शिवला, वायरीऐवजी लोकरीचा गोफ. माझं जाडजूड लोहचुंबक तिने स्वतः उसवून खाली सुतारांना परत दिलं. "सेनापतींचा जोर पुरे झाला," म्हणाली.

संध्याकाळी ताईंना सगळं सांगितलं. आधी खूप ओरडल्या. मशीन तपासलं, ठीक निघालं, तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या खेळाची चार तिकिटं ठेव."

बुधवार, २

काल एक तारीख होती! आत्ता लक्षात आलं. बोट गेलीसुद्धा असेल. आचाऱ्याला काहीच कळवलं नाही, कमाल आहे माझी. काल दिवसभर मी काय करत होते? फुशारजीला नवे हातमोजे करत होते. आणि तो पोपट सापडला, नानांनी वाचून दाखवलं. बाईंच्या बोटाला टाके पडलेत, पण त्या खूश आहेत.

आता आचाऱ्याला लिहायला हवं की मी

थांब. खाली काहीतरी गडबड चाललीय. करवत थांबली. बाईचा आवाज, पण कसला मोठा! एवढ्या मोठ्याने इथे फक्त मीच बोलायचे.

ढोल्या जिन्यावरून धापा टाकत वर आलाय. मी लिहितेय आणि हा समोर उभा राहून सांगतोय, अगदी तोंड माझ्याकडे करून. कोणीतरी आजीबाई आल्यात. सत्तरीच्या तरी असतील. एकट्याच, हातात सुटकेस. एका बाजूचे केस नुकते भादरलेले आणि कानामागे अगदी माझ्यासारखं मशीन. शुक्रवारचा खेळ पाहिला म्हणतात. मुलाला म्हणाल्या, मीही बाहुल्यांच्या खेळात जाते, तर तो हसला, म्हणून सामान घेऊनच निघाल्या.

"काय पाहिजे त्यांना?"

"काम. म्हणतात, मामी पुरुषाच्या आवाजात शोभत नाही. ते काम मी करणार, ऐकायचं ती मशीनवाली मुलगी शिकवेल."

"आणि नाना?"

"नाना ते ऐकून जिन्यातच बसलेत. बाई म्हणाल्या, बाजूला व्हा, मला वर जायचंय."